फ्रीजचा वायरवाला थर्मामीटर : पाच महिने वापरल्यावर

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दीडशे-दोनशेला मिळतो तोच, काळा, चौकोनी, मीटरभर वायरचा. आकड्याबद्दल तक्रार नाही. भांडण आहे ते वायरीशी.

वायर गोल, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. पण फ्रीजचं दार चुंबकाच्या रबरी गॅस्केटवर बसतं आणि वायर मधे आली की तिच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. जानेवारीत ती जाणवत नाही. मेमध्ये, बाहेर पारा ४५ आणि घरात दिवसभर कूलर, तेव्हा जाणवते. कूलरची दमट हवा फटीतून फ्रीझरमध्ये शिरते आणि वायर आत जाते बरोबर तिथेच बर्फ धरतो. त्या बर्फाने गॅस्केट आणखी उचललं जातं, की फट वाढली. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. अडखळत आली तर ठीक, सुळकन निघाली तर हवा जातेय.

वायर हँडलकडून नको, बिजागरीच्या बाजूने घ्या. तिथे दार उघडताना ती ओढली जात नाही. कोपरा टाळा, तिथे रबर कडक असतं. मागच्या पाणी जायच्या भोकातून वायर ओवायची युक्ती काहीजण सांगतात. अजिबात करू नका. भोक तुंबलं की डीफ्रॉस्टचं पाणी भाजीच्या ट्रेखाली साचतं.

सुरुवातीला हा थर्मामीटर बोगसच वाटला होता. दार उघडलं की ४ चे ९, दोन मिनिटांत परत ५. चूक त्याची नव्हती, तो हवा मोजत होता. दूध हवेइतक्या लवकर तापत नाही. औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी भरून, झाकणाला भोक पाडून सेन्सर आत सोडला, तसा आकडा शांत झाला. फ्रीझरसाठी पाण्याऐवजी ग्लिसरीन. फक्त सेन्सरचं टोकच बुडवा, वायरीचा सांधा वर राहू द्या. ओल शिरली की आकडे उड्या मारतात.

लावण्याआधी बर्फाची परीक्षा हवीच. वाटीभर कुटलेला बर्फ, फटी भरतील इतकंच पाणी, ढवळून मधोमध सेन्सर, कडेला टेकवायचा नाही. चार मिनिटांनी ० दिसायला हवं. यात ०.९ दिसलं, म्हणून प्रत्येक आकड्यातून ०.९ वजा. खालच्या कप्प्यात ४ किंवा कमी, फ्रीझर उणे १८, एवढं सांभाळलं की पुरे.

डिस्प्ले बाहेरच ठेवा, थंडीत बटण सेल लवकर मान टाकतात. अंक तिरके पाहिल्याशिवाय दिसेनासे झाले की एलआर ४४ ची जोडी बदला. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतात. चपट्या वायरीचा सेन्सर मात्र बर्डीवर तीन दुकानं फिरूनही सुटा मिळाला नाही.