कोटिंग नंतर बघा, आधी कडा बघा : चेंबर पार्ट्स नवे करून देणाऱ्या सेवेबद्दल

चिप बनवताना वेफरवरचा, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवरचा, थर ज्या बंद कक्षात प्लाझ्माने (विजेने आयनित केलेल्या वायूने) कुरतडतात, त्या प्लाझ्मा एचिंग चेंबरमधून निघालेले पार्ट्स धुणं, त्यांच्यावरचं जुनं कोटिंग उतरवणं आणि नवं चढवणं हे काम आम्ही बाहेर देतो. सध्या ज्या सेवेकडे देतो तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी इक्विपमेंट मेंटेनन्स बघते. लायनर (चेंबरच्या भिंतीचं आतलं अस्तर), शॉवरहेड (बारीक भोकांतून गॅस सोडणारी तबकडी), झाकण, गॅसचे नोझल हे सगळं जातानाही माझ्या नजरेखालून जातं आणि परत आल्यावर पहिली तपासणीही माझीच असते. निकाल आधीच सांगून टाकते : या सेवेने दिलेला पार्ट मी निर्धास्तपणे चेंबरमध्ये बसवते. दोन गोष्टी मात्र खटकतात, त्याही सांगणार आहे.

हे काम इतकं जपून का करावं लागतं ते आधी सांगते. चेंबरमध्ये फ्लोरिनची आणि क्लोरिनची संयुगं प्लाझ्मात फोडली जातात. वेफरवरचा थर खाणं हे त्यांचं काम, पण वेफर कुठला आणि भिंत कुठली हे प्लाझ्माला कळत नाही. बहुतेक पार्ट्स ६०६१ जातीच्या अॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्यावर हार्ड अॅनोडायझिंग म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचा जाड थर असतो. फ्लोरिन त्या ऑक्साइडचं फ्लोराइड करतं. चेंबरच्या तापमानाला ते वायू होऊन पंपाकडे निघून जात नाही. भिंतीवर साचतं, सुटतं आणि भुकटी होऊन वेफरवर पडतं. म्हणून जिथे मारा जास्त, तिथे यट्रिया म्हणजे यट्रियम ऑक्साइड चढवतात. फ्लोराइड त्याचंही होतं, पण यट्रिया आयनांच्या माऱ्याला चिवट असते आणि झिजते कितीतरी सावकाश. पार्टचं आयुष्य आम्ही आरएफ तासांत, म्हणजे चेंबरमध्ये प्लाझ्मा किती तास चालू होता त्यात, मोजतो. कोटिंग चांगलं की वाईट याचा निवाडा शेवटी त्या तासांत आणि वेफरवर मोजलेल्या कणांत होतो.

आता सेवेकडे वळते. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पार्ट पोचला की कामाला हात लावण्याआधी तो तपासला जातो आणि काही वावगं दिसलं तर फोन येतो. एकदा एका लायनरबद्दल त्यांच्या प्रोसेस इंजिनिअरचा फोन आला : "मॅडम, ओ-रिंगच्या खाचेजवळ अॅनोडायझिंग उडालंय आणि खाली अॅल्युमिनियमला खड्डा पडलाय. कोट करून देता येईल, पण खड्डा भरणार नाही, नुसता झाकला जाईल." मी विचारलं, सीलच्या जागेपासून किती लांब आहे? त्यांनी मोजून फोटोवर खूण करून पाठवलं आणि निर्णय आमच्यावर सोडला. तो लायनर आम्ही बाद केला. त्यात त्यांचं एक काम बुडालं, तरी त्यांनी सांगितलं. याच्या आधी आम्ही दुसऱ्या एका सेवेकडे काम देत होतो. तिथून असाच एक पार्ट छान पांढराशुभ्र होऊन परत आला होता आणि खड्ड्याचा पत्ता गळती तपासताना लागला.

पांढरा रंग ही या कामातली सगळ्यात फसवी गोष्ट. ताजी यट्रिया कुणाच्याही हातची असो, सुंदरच दिसते. मी आधी बघते ती कड, म्हणजे जिथे कोटिंग संपतं आणि मोकळा अॅनोडाइज्ड भाग सुरू होतो ती रेघ. सीलची जागा, बोल्टची भोकं, पार्ट एकमेकांवर टेकतात ते पट्टे, हे सगळं फवारणीच्या वेळी झाकावं लागतं. हे मास्किंग घाईत केलं तर कडेला कोटिंगची उभी भिंत तयार होते. चेंबर तापतं, निवतं, आणि ताण नेमका त्या भिंतीवर येतो. कपची उडते ती तिथूनच. चांगल्या कामात कोटिंग कडेकडे हळूहळू पातळ होत जातं. पार्ट तिरप्या उजेडात धरून फिरवला की मला ती उतरण दिसते. मग क्लीनरूमचा पुसायचा कपडा कडेवरून हलक्या हाताने फिरवते. धागा अडकला तर कड खरखरीत आहे असं समजायचं. या सेवेच्या पार्ट्सवर कपडा सरळ निघून जातो. खाचेच्या आत कोपऱ्यात फवाऱ्याचा धुरळाही बसलेला नसतो. तिथे बोट जात नाही, म्हणून मी आरसा घालून बघते.

फवारणी म्हणजे प्लाझ्माच्या झोतात यट्रियाची पूड वितळवून मारणं. प्रत्येक थेंब आपटून चपटा होतो आणि असे थर एकावर एक बसत जातात. जाडी साधारण १०० ते २०० मायक्रॉन. या पद्धतीत थोडी सच्छिद्रता आणि बारीक तडे राहणारच, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. आधीचं मूळ पृष्ठ कसं तयार केलंय याला मात्र फार महत्त्व आहे. कोटिंग धरून राहावं म्हणून पृष्ठ कण मारून खडबडीत करतात, आणि ते कण अॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूत रुतून बसतात. नीट काढले नाहीत तर कोटिंग धातूवर न बसता रुतलेल्या खड्यांवर बसतं. वरून हे काहीच दिसत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक खेपेबरोबर ते एक नमुना तुकडा त्याच फवाऱ्याखाली ठेवतात, नंतर तो आडवा कापतात, पॉलिश करतात आणि सूक्ष्मदर्शकातला फोटो पाठवतात. कोटिंग आणि धातू यांच्यातली रेषा स्वच्छ आहे का, तिथे काळे ठिपके आहेत का, हे त्यात कळतं. मागितल्यावर फोटो देणारे बरेच असतात. हे न मागता देतात, आणि ज्या खेपेचा फोटो त्यांना स्वतःलाच पटला नाही ती खेप त्यांनी पुन्हा उतरवून केली. तारीख पुढे गेली, पण मला ते चाललं.

शॉवरहेडबद्दल सविस्तर लिहावं लागेल. हिशेब इथेच बिघडतो आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. अॅनोडायझिंगचा थर धातूवर नुसता चढत नाही, तो धातू खाऊन वाढतो. ढोबळ मानाने निम्मा आत, निम्मा बाहेर. समजा थर ५० मायक्रॉनचा आहे. तो उतरवला की पृष्ठ मूळ जागेपासून २५ मायक्रॉन आत गेलेलं असतं. सपाट भागावर हे चालून जातं. पण ०.५ मिलिमीटरच्या भोकात दोन्ही बाजूंनी २५ म्हणजे व्यासात ५० मायक्रॉनची वाढ झाली. पुन्हा तेवढंच अॅनोडायझिंग केलं तरी तयार भोक पहिल्यापेक्षा १० टक्के मोठं राहतं. आणि गॅस व्यासाच्या प्रमाणात वाहत नाही. दाब जास्त असेल तर भोकाची वहनक्षमता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, दाब फार कमी असेल तर तिसऱ्या. म्हणजे व्यासात १० टक्के वाढ झाली की वहनात ३३ ते ४६ टक्के. सगळी भोकं सारखी वाढली तर एकवेळ जमवून घेता येतं, पण उतरवायचं रसायन मध्यभागी आणि कडेला सारखं पोचलं नाही तर वेफरवर मध्य आणि कड यांच्या एचिंगच्या वेगात फरक पडतो. मग प्रोसेसवाले रेसिपीत, म्हणजे गॅस, दाब, वेळ यांच्या ठरवलेल्या आकड्यांत, दोष शोधत बसतात आणि दोष असतो शॉवरहेडमध्ये.

ही सेवा शॉवरहेड किती वेळा उतरवून झाला याची खूण पार्टच्या पाठीमागे कोरते आणि मध्यापासून कडेपर्यंत ठरावीक भोकं पिन गेजने, म्हणजे नेमक्या व्यासाच्या बारीक सळ्या घालून, मोजून तक्ता देते. तो तक्ता मी जपून ठेवते. त्याच्या आधारावरच कुठला शॉवरहेड कुठल्या चेंबरला द्यायचा ते आम्ही ठरवतो. पुढची वेळ शेवटची आहे हेही ते आधीच लिहून कळवतात, त्यामुळे नवा पार्ट मागवायला वेळ मिळतो.

भोकांच्या आतल्या संरक्षणाबद्दलही त्यांनी सरळ सांगितलं होतं. फवारा समोर दिसेल तिथेच बसतो, लांब बारीक भोकात तो जात नाही. आत यट्रिया हवीच असेल तर अणुथर पद्धत लागते, म्हणजे बंद कक्षात वायूंच्या आळीपाळीने एकेक थर चढवणं. तो थर काहीशे नॅनोमीटरचाच असतो, पण भोकाच्या तळापर्यंत एकसारखा. ते काम त्यांच्याकडे होत नाही आणि तसं त्यांनी कबूल केलं. "आमचं कोटिंग आतपर्यंत जातं" असं छातीठोकपणे सांगणारेही मला भेटले आहेत. फवाऱ्याने ते शक्य नाही.

अॅनोडायझिंगचं काम चांगलं आहे. तपासायला ते आम्लाच्या थेंबाची चाचणी करतात : नमुना तुकड्यावर ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवायचं आणि पहिले बुडबुडे कधी येतात ते बघायचं. बुडबुडे आले म्हणजे आम्ल थर ओलांडून धातूपर्यंत पोचलं. साधी चाचणी आहे, पण थराची छिद्रं नीट बंद झाली आहेत की नाही हे तिच्यात लपत नाही. तापवण्याबद्दलचा त्यांचा सल्लाही योग्य आहे. अॅल्युमिनियम एका अंशाला दशलक्षात सुमारे २३ भाग प्रसरण पावतं, वरचा ऑक्साइड त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. जास्त तापवलं की थराला जाळीसारखे तडे जाणार. म्हणून धुतल्यानंतर सुकवताना ते तापमान बेताचं ठेवतात आणि वेळ जास्त देतात.

साफसफाई आणि पॅकिंगबद्दल थोडक्यात. शेवटचं धुणं अतिशुद्ध पाण्यात, तेही क्लीनरूममध्ये. दुहेरी पिशवी, आत नायट्रोजन. पिशवीच्या आत कुठेही चिकटपट्टी नाही. चिकटपट्टीचा गोंद पार्टला लागला की तो काढण्यात अर्धा दिवस जातो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली : खडबडीतपणाचा अहवाल. ते एकच सरासरी आकडा देतात. लायनरच्या वरच्या वळणावर फवारा तिरपा बसतो, तिथलं पृष्ठ सपाट भागासारखं नसतं. प्रक्रियेतून जमणारा थर त्या वळणावर नीट धरला नाही तर कण तिथूनच सुटतात. मला मोजलेल्या प्रत्येक जागेचा वेगळा आकडा हवा आहे. मी हे त्यांना लेखी सांगितलंय, "बघतो" असं उत्तर आलंय, अहवाल अजून तसाच येतो. मोजमाप ते करतातच, मग आकडे पाठवायला काय हरकत असावी हे मला समजत नाही.

दुसरी : नव्या यट्रियासोबत काय होतं याची माहिती ते स्वतःहून देत नाहीत. ताजी यट्रिया चेंबरमधलं फ्लोरिन स्वतःकडे ओढते. तिचं पृष्ठ फ्लोराइड होऊन स्थिरावेपर्यंत एचिंगचा वेग सरकत राहतो. त्यासाठी आधी बिनकामाचे वेफर चालवून चेंबर रुळवावं लागतं. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. पण पहिल्यांदाच अॅनोडाइज्ड लायनरवरून यट्रियावर जाणाऱ्या टीमला पहिल्याच दिवशी धक्का बसेल. पार्टबरोबर एक पानभर सूचना दिली तर कुणाचं तरी एक आठवड्याचं डोकं खाणं वाचेल. ऑक्सिफ्लोराइडचं (आधीच फ्लोरिन असलेल्या यट्रियम ऑक्साइडचं) कोटिंगही त्यांच्याकडे मिळतं, त्यात हा सरकण्याचा त्रास कमी असतो. ते मलाही विचारल्यावरच कळलं.

वेळेच्या बाबतीत ते मध्यम आहेत. दिलेली तारीख कधी पाळली जाते, कधी दोन-चार दिवस पुढे जाते. एकच सुटा सेट असलेल्यांना हे जड जाईल. दुसरा सेट फिरता ठेवता येत असेल तर अडचण नाही.

त्यांच्याकडे काम देणार असाल तर पाठवण्याबद्दल एक सांगते. पार्टच्या चिठ्ठीवर फक्त नंबर लिहू नका. कुठले गॅस चालत होते, किती आरएफ तास झाले आणि वेफरवर काय कुरतडलं जात होतं तेही लिहा. अॅल्युमिनियमच्या एचिंगसाठी क्लोरिन चालवलेल्या चेंबरचे पार्ट असतील तर विशेष जपा. त्यांच्यावर बसलेलं क्लोराइड हवेतली ओल धरतं, हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, आणि प्रवासातच पार्ट पिशवीच्या आत खात सुटतं. असा पार्ट चेंबरमधून काढल्या काढल्या पुसून, सुकवून, कोरड्या नायट्रोजनमध्ये बंद करा आणि वर ठळक अक्षरांत क्लोरिन लिहा. पिशवी उघडणाऱ्या माणसाच्या हाताचा आणि डोळ्यांचाही त्यात प्रश्न आहे. चिठ्ठी असेल तर ते असे पार्ट आल्या दिवशीच धुवायला घेतात, आणि चिठ्ठी नसेल तर उघडण्याआधी फोन करून विचारतात.