एजीएमला (वार्षिक सर्वसाधारण सभेला) मुदतवाढ हवी होती म्हणून गाठलेलं कुडाळचं सीएस (कंपनी सेक्रेटरी) ऑफिस

चार तारे. पाचवा बिलात गेला, ते खाली सांगते.

आमची वेंगुर्ल्याजवळ काजू प्रक्रियेची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. भागधारक सगळे घरचेच, त्यातले निम्मे चाकरमानी, विरार-डोंबिवलीकडचे. म्हणून आमची वार्षिक सभा गणपतीतच व्हायची. सासऱ्यांचं ठरलेलं वाक्य, "गणपतीक सगळे घराक येतत, मगे तेवाच मिटिंग घेऊक काय होता?" २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला होते, सभा ९ तारखेला उरकली. २०२५ ला बाप्पा २७ ऑगस्टलाच आले आणि त्याच महिन्यात आमच्या ऑडिटरांची बायपास झाली. हिशेबाच्या फायली त्यांच्याकडे, सही त्यांचीच लागणार, आणि ते हॉस्पिटलात.

आधीच्या सल्लागारांना विचारलं तर म्हणाले, "काळजी कशाला, तीस सप्टेंबरला सभा झाली असं मिनिट्समध्ये लिहून टाकू." असे कागदोपत्री सभा घेणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण त्या मिनिट्सवर अध्यक्ष म्हणून सही सासऱ्यांची जाणार होती. म्हणून ओळखीतून या ऑफिसात आले.

इथल्या सीएस मॅडमनी मी बसायच्या आत विचारलं, "वहिनी, मागची सभा कुठल्या तारखेची?" मला वाटलं नुसती चौकशी. पण सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. कंपनी कायदा २०१३ चं कलम ९६ दोन बंधनं घालतं: आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सभा, म्हणजे ३१ मार्चला वर्ष संपत असेल तर ३० सप्टेंबरच्या आत, आणि दोन सभांमध्ये पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. खास कारण असेल तर आरओसी, म्हणजे कंपनी निबंधक, जास्तीत जास्त तीन महिने वाढवून देऊ शकतात. कंपनीच्या पहिल्या सभेला मात्र ही सवलत नाही. मी अर्थात तीन महिने मागू म्हटलं. मॅडमनी कॅलेंडर पुढे केलं: ९ सप्टेंबर २०२४ पासून पंधरा महिने ९ डिसेंबरला भरतात. "दोनच मागू. दुसऱ्या मर्यादेला हात लावायची वेळच येऊ द्यायची नाही." हे मला कुणी फोनवर सांगितलं नव्हतं, आणि या एका वाक्यासाठी मी इथे परत जाईन.

कारणांच्या बाबतीत बाई कडक आहेत. सासऱ्यांनी अर्जात "सर्व भागधारक दिवाळीत गावी येणार असल्याने" असं घालायला सांगितलं होतं. मॅडमनी सरळ काट मारली. प्रायव्हेट कंपनीच्या सभेला दोन सभासद जातीने हजर असले की कोरम, म्हणजे किमान हजेरी, होतो, मग बाकीचे विरारला आहेत हे खास कारण कसं? दिरांची सूचना झूमची. व्हिडिओवर सभा घ्यायला सरकारची परवानगी आहेच, पण ताळेबंदच तयार नसेल तर स्क्रीनवर दाखवणार काय? कारण एकच ठेवलं, ऑडिटरांचं आजारपण. त्याला ऑडिटरांचं पत्र, हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद आणि आमच्या संचालक मंडळाचा ठराव जोडला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच निबंधकांकडे अर्जाचा जीएनएल-१ फॉर्म भरला. उशीर का नको तेही त्यांनी सांगितलं: मुदत उलटल्यावर मागायला गेलं तर ती मुदतवाढ राहत नाही, कसूर होते. कलम ९९ खाली त्याचा दंड एक लाखापर्यंत, शिवाय कसूर चालू राहील तोवर दिवसाला पाच हजारांपर्यंत, आणि तो कंपनीबरोबर जबाबदार संचालकांवरही येतो. हा आकडा ऐकल्यावर सासरे दिवाळीचं नाव काढेनासे झाले.

आमच्या घरात एक समज पक्का होता की सरकार मुदत वाढवतंच. त्याचं मूळ कोविडात आहे. २०२० ला आरओसींनी सगळ्यांना सरसकट तीन महिने दिले, ३१ डिसेंबरपर्यंत. २०२१ ला दोन महिने, ३० नोव्हेंबरपर्यंत. अर्ज करायचीही गरज पडली नव्हती. तेव्हापासून सप्टेंबर आला की दीर निवांत. त्यात ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, "मुदत ३१ डिसेंबर झाली, उगाच पैसे घातले!" मी तोच मेसेज मॅडमना पुढे ढकलला. पाच मिनिटांत उत्तर: ते परिपत्रक ताळेबंद आणि वार्षिक विवरणाचे फॉर्म जादा फी न भरता दाखल करण्याचं आहे, सभेची तारीख त्याने हलत नाही, तसं त्यातच लिहिलंय. खरंच लिहिलं होतं. दिरांनी अंगठ्याची खूण पाठवली, माफी नाही.

आदेश ३० सप्टेंबरच्या आत आला, ३० नोव्हेंबरपर्यंतचा. सभा २३ नोव्हेंबरच्या रविवारी कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, म्हणजे आमच्या पडवीत झाली. मुंबईकर व्हिडिओवर. नोटीस पूर्ण एकवीस दिवस आधी गेली, ती या ऑफिसनेच काढली आणि मसुदा चांगला होता. मराठी प्रतही मागितल्यावर दिली, म्हणून सासऱ्यांनी पहिल्यांदाच नोटीस शेवटपर्यंत वाचली. मुंबईकरांपैकी एकाने लाभांश का नाही म्हणून बराच वेळ खाल्ला, पण त्याला सीएस काय करणार.

आता तक्रार. सुरुवातीला एक रक्कम सांगितली जाते, ती फक्त अर्जाची. नोटीस, मिनिट्स, पुढचे फॉर्म हे वेगळं, आणि सरकारी फी त्याहून वेगळी. फी वाजवी आहे, पण पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा मागा. गणपतीचे पाच दिवस फोन उचलला जात नाही; ते मी धरत नाही, आमचाही बंदच असतो.

जिना अरुंद आणि उंच आहे, वयस्कर संचालकांना वर नेऊ नका, सही डिजिटलच लागते. मात्र जाण्याआधी डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची, मुदत तपासा. आमच्या एका संचालकांची संपलेली निघाली आणि नवीन काढण्यात आठवड्यातले बरेच दिवस गेले. हाउसिंग सोसायटीची किंवा विकास सोसायटीची सभा लांबवायची असेल तर इथे येऊ नका. तो सहकार कायदा, ते काम हे लोक घेत नाहीत. शनिवारी दुपारनंतर ऑफिस बंद असतं.