टायनीएसए अल्ट्रा: सीसीटीव्ही-वायफायची कामं करणाऱ्यांनी घ्यावा का?

आधीच सांगतो, घरातला राऊटर स्लो चालतो म्हणून हे घेणार असाल तर नका घेऊ, त्याला फोनवरचं फुकटचं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप बास आहे. हे लिहितोय ते आमच्यासारख्यांसाठी, बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शेडवर शिडी लावून वायरलेस लिंकची डिश बांधायची आणि कॅमेऱ्याची लिंक पडली की रात्री अकराला फोन उचलायचा असं ज्यांचं चालू असतं त्यांच्यासाठी.

टायनीएसए म्हणजे हातात मावणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे ते दाखवणारा, एका डच हॅम रेडिओवाल्याच्या (हौशी रेडिओ चालवणाऱ्याच्या) डोक्यातून निघालेला. मुख्य दोन प्रकार आहेत, साधा आणि अल्ट्रा. साधा स्वस्तात मिळतो पण तो ९६० मेगाहर्ट्झपर्यंतच बघतो, म्हणजे वायफाय त्यात येतच नाही, तेव्हा स्वस्त दिसला म्हणून तो उचलू नका, अल्ट्राच घ्या. आणि अल्ट्रासुद्धा डब्यातून काढल्यावर ८०० मेगाहर्ट्झवरच थांबलेला असतो, मेन्यूत जाऊन अल्ट्रा मोड चालू करायचा, तो कोड मागतो, ४३२१ टाकायचा, मग तो ६ गिगाहर्ट्झपर्यंत उघडतो. हे न वाचता पीस खराब आला म्हणून भांडत बसू नका.

आता कामाचं. अ‍ॅप असताना हे कशाला? तर अ‍ॅपला फक्त वायफाय बोलणारे दिसतात, मराठी बोलणाऱ्यांची गणती करताना शेजारी कोण ढोल बडवतोय ते वहीत येत नाही ना, तसं. आमच्या एका शेडवर ऑफिस ते गेट अशी २.४ गिगाहर्ट्झची जुनी लिंक होती, पिंग (सिग्नल जाऊन परत यायचा वेळ) कधी ५ मिलिसेकंद कधी ४००, चित्र अडकत अडकत यायचं. शेठचं एकच, "राउटर बदली नाखो", म्हणजे राऊटर बदलून टाका. अ‍ॅपमध्ये बघितलं तर १ नंबरचा चॅनल सगळ्यात रिकामा, म्हणून लिंक त्यावरच ठेवलेली. टायनीएसएवर २४०० ते २५०० मेगाहर्ट्झ असा स्पॅन (बघायचा पट्टा) लावला, मॅक्स होल्ड (आलेला सगळ्यात उंच सिग्नल स्क्रीनवर धरून ठेवणारं बटण) दाबून दोनेक मिनिटं गेटपाशी धरून ठेवला, आणि २४१४ वर एक उंचवटा, हलत नाही डुलत नाही, चोवीस तास चालू. वायफाय असं दिसत नाही, ते तुकड्यातुकड्यात बोलतं, मॅक्स होल्डवर हळूहळू २० मेगाहर्ट्झ रुंद आणि वरून सपाट असा आकार भरत जातो. हा निघाला बाजूच्या गोडाऊनचा जुना अ‍ॅनालॉग व्हिडिओ सेंडर. ते सेंडर बहुतेक २४१४, २४३२, २४५० आणि २४६८ या चारपैकी एकावर चालतात आणि १ नंबर चॅनलचा मध्य २४१२, म्हणजे बरोबर डोक्यावर बसलेला.

मजा पुढेच आहे. वायफाय बोलायच्या आधी ऐकतं. वायफाय नसलेली एनर्जी २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये −६२ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, गणित पुढे आहे) वर दिसली की रेडिओ हवा बिझी आहे समजून थांबतो, आणि इथे छोट्या अँटेनावरच −५५ च्या आसपास दिसत होतं, रेडिओच्या मोठ्या अँटेनाला तर त्याहून जास्त मिळणार. म्हणजे बिचारा राऊटर खराब नव्हता, तो वाट बघत होता. आणि १ नंबर अ‍ॅपमध्ये रिकामा का दिसत होता तेही कळलं, तिथे टिकणारं दुसरं कोणी नव्हतंच! ११ नंबरवर म्हणजे २४६२ वर नेलं, बस. गोडाऊनवाल्याशी भांडून उपयोग नसतो, हा बँड लायसन्सशिवाय वापरायचा आहे, त्याचा हक्क तेवढाच आपला.

पण डीबीएम कळत नसेल तर ही स्क्रीन नुसती रंगीत रेघ आहे. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, ३ वाढले की दुप्पट, १० वाढले की दहापट. नवीन पोरं −६० चं −७० झालं की "दहाच तर कमी झाले" म्हणतात, अरे बाबा दहावा हिस्सा उरला. आणि हेच गणित मशीन वाचवतं. याला इनपुटला ० डीबीएमच्या आतच ठेवायचं, त्याच्या फार पुढे गेलात तर आतला भाग उडू शकतो. आपला आउटडोअर रेडिओ २७ डीबीएम म्हणजे अर्धा वॅट सोडतो, केबलने सरळ जोडलात तर संपलंच, मध्ये ४० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) टाका म्हणजे −१३ पोचेल.

अजून एक, राऊटरचा अँटेना काढून याला लावू नका. तो आरपी-एसएमए (पिन आणि भोक उलटं केलेला एसएमए कनेक्टर) असतो, चुडी (आटे) बरोबर बसते, घट्टपण होतो, पण दोन्हीकडे मधे भोकच, पिन कुठेच नाही, आणि मग सिग्नल एवढा कमी का म्हणून डोकं खाजवत बसायचं. साधा एसएमएवाला २.४/५ चा अँटेना वेगळा घ्या. सोबत येतो तो लांब होणारा अँटेना खालच्या फ्रिक्वेन्सीला चांगला, ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटला १७ सेंटिमीटर ओढायचा, पण २.४ ला पाव वेव्हलेंथ जेमतेम ३ सेंटिमीटर होते.

अल्ट्रा मोडमध्ये खोटे सिग्नलही दिसतात, इनपुटला तसा फिल्टर नसल्यामुळे एकाच गोष्टीची सावली दुसरीकडे पडते, म्हणून एखादी टोकदार रेघ दिसली की लगेच चोर सापडला म्हणू नका, अँटेना फिरवून, जागा बदलून, अटेन्युएशन वाढवून बघा.

लिंकचं बाकीचं दुखणं यात दिसणार नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर १ किलोमीटरला हवेतच साधारण १०८ डीबी जातात, रेडिओ २० डीबीएम आणि दोन्हीकडे २३ डीबीआयची (डीबीआय म्हणजे डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप) डिश असेल तर −४२ च्या आसपास यायला हवं, हे कागदावर आधी काढा. −६० येतंय तर डिश तिरकी आहे किंवा मध्ये कडुलिंब आहे. समोरची डिश डोळ्याला दिसली म्हणजे झालं असं नसतं, मधोमध फ्रेनेल झोन (दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवतीची, सिग्नलला लागणारी जागा) साडेतीन मीटरच्या वर त्रिज्येचा होतो, त्यातला ६० टक्के तरी मोकळा पाहिजे, आणि उन्हाळ्यात चाललेली लिंक पावसाळ्यात ओल्या पानांनी बसते. उत्तरायणनंतर आमच्याकडे वेगळाच प्रकार, डिशच्या पाइपला गुंडाळलेला मांजा.

दुपारच्या उन्हात स्क्रीनवर सावली धरावी लागते, टोपी चालते. नकली पीस भरपूर फिरतात, टायनीएसएच्या विकीवर अस्सल-नकली ओळखायची माहिती आहे ती वाचून मगच ऑर्डर टाका, आणि त्याच ऑर्डरमध्ये अटेन्युएटरपण घ्या, नंतर घेऊ म्हटलं की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी केबल सरळ जोडतो.