ब्लूबुक आणि खान अ‍ॅकॅडमी: सॅटच्या तयारीला एवढं पुरतं का?

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. गणितासाठी ब्लूबुक हे सराव परीक्षांचं अ‍ॅप आणि खान अ‍ॅकॅडमीचा ऑनलाइन कोर्स, या दोन फुकट गोष्टी पुरतात, अगदी वरच्या गुणांपर्यंत पुरतात. इंग्रजीसाठी पुरतात, पण ज्याला मुळात वाचायची सवय आहे त्यालाच. आणि या दोन्ही गोष्टी नीट हाताळल्याशिवाय क्लासची फी कुणी भरू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी गणिताची शिक्षिका. भाचीला अमेरिकेतल्या विद्यापीठांत अर्ज करायचा होता, 'मावशी, गणित तेवढं तू बघ' म्हणाली, आणि गणित बघता बघता सगळी सॅटच, म्हणजे तिथल्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षाच, मी तिच्यासोबत पालथी घातली. त्यामुळे हे परीक्षण शिक्षिकेच्या नजरेचं आहे. अ‍ॅप दिसायला कसं आहे यापेक्षा मुलगी त्यातून काय शिकली, हे मी जास्त बघितलं.

आधी परीक्षेबद्दल थोडं, कारण जुन्या सॅटच्या आठवणींवर सल्ले देणारे अजून खूप आहेत. अमेरिकेबाहेर मार्च 2023 पासून आणि अमेरिकेत मार्च 2024 पासून सॅट पूर्णपणे संगणकावर गेली. वाचन-लेखनाचे 54 प्रश्न 64 मिनिटांत, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी, मग गणिताचे 44 प्रश्न 70 मिनिटांत. प्रत्येक विभागाचे दोन मॉड्यूल, म्हणजे टप्पे, असतात. पहिल्या मॉड्यूलमध्ये सोपे-अवघड सगळेच प्रश्न मिसळलेले. तिथे कसं जमलं त्यावर दुसरं मॉड्यूल सोपं येणार की अवघड, हे ठरतं. सोपं आलं की सर्वांत वरचे गुण हाताबाहेर जातात. एकूण गुण 400 ते 1600. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

ब्लूबुक हे सॅट घेणाऱ्या संस्थेचं, म्हणजे कॉलेज बोर्डाचं, स्वतःचं अ‍ॅप आहे आणि खरी परीक्षा याच अ‍ॅपवर होते. त्याची सगळ्यात मोठी किंमत मला इथेच दिसते. सरावात जो पडदा, तोच परीक्षेत. उताऱ्यावर खूण करायची सोय, नको तो पर्याय खोडायची सोय, प्रश्न नंतर बघण्यासाठी राखून ठेवायची सोय, सूत्रांचं पान, लपवता येणारं घड्याळ, सगळं तेच आणि त्याच जागी. भाची सुरुवातीला पर्याय खोडायचं बटण वापरतच नव्हती, मनातल्या मनात खोडायची आणि खोडलेल्याच पर्यायाकडे पुन्हा वळायची. बटण वापरायला लागल्यावर तिचं हे घुटमळणं थांबलं. घड्याळ मात्र तिने लपवूनच ठेवलं; शेवटची पाच मिनिटं उरली की अ‍ॅप आपणहून सांगतं, तेवढं तिला पुरायचं.

अ‍ॅपमधल्या पूर्ण सराव परीक्षाही खऱ्यासारख्याच चालतात, म्हणजे दुसरं मॉड्यूल तिथेही पहिल्यावर ठरतं. परीक्षा संपल्यावर प्रत्येक प्रश्न, तुमचं उत्तर, बरोबर उत्तर आणि त्याचं स्पष्टीकरण बघता येतं. हे पुन्हा बघणं म्हणजेच खरी तयारी, आणि मुलं नेमकं तेच टाळतात. गुणांचा आकडा बघतात, खूश किंवा खट्टू होतात आणि दुसरी परीक्षा उघडतात. या सराव परीक्षा मोजक्याच असतात हो! दर रविवारी एक उडवली तर बघता बघता संपतात, आणि परीक्षा जवळ आली की स्वतःला जोखायला हातात काही उरत नाही. आम्ही एक अगदी सुरुवातीला दिली, कुठे आहोत ते कळायला. बाकीच्या लांब लांब अंतराने, आणि दोन परीक्षांच्या मधला सगळा वेळ आधीच्या परीक्षेतल्या चुकांवर. चुकीच्या प्रत्येक प्रश्नासमोर ती वहीत एक वाक्य लिहायची: काय येत नव्हतं, काय वाचलं नाही, की कुठे घाई झाली. बरोबर आलेल्या पण अंदाजाने मारलेल्या प्रश्नांनाही हाच नियम.

मधल्या काळातल्या सरावासाठी कॉलेज बोर्डाचाच प्रश्नसंग्रह आहे, त्याच्याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते. विषय, कौशल्य आणि काठिण्य निवडलं की त्याच प्रकारचे प्रश्न समोर येतात. त्यात एक सोय आहे ती जरूर वापरा: ब्लूबुकच्या सराव परीक्षांत असलेले प्रश्न वगळता येतात. नाहीतर होतं काय, की संग्रहात सोडवलेला प्रश्न सराव परीक्षेत पुन्हा भेटतो, गुण फुगतात आणि आपली फसगत आपणच करून घेतो.

आता गणित. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

बीजगणित, पुढचं गणित, आकडेवारी आणि प्रमाण, भूमिती आणि त्रिकोणमिती असे चार भाग. प्रश्न साधारण सोप्याकडून अवघडाकडे जातात. संपूर्ण विभागात कॅल्क्युलेटर चालतो, आणि अ‍ॅपमध्येच डेस्मॉसचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आहे. आकडेमोडीपुरता तो वापरणारी मुलं त्याचा दहावा हिस्साही वापरत नाहीत. एक उदाहरण देते, माझं स्वतःचं. y = 2x + k ही रेषा y = x² + 6x + 13 या वक्राला एकाच बिंदूत स्पर्श करते, तर k किती? कागदावर दोन्ही समीकरणं सारखी करायची, x² + 4x + 13 − k = 0 मिळवायचं, विवेचक शून्य धरायचा, म्हणजे 16 − 4(13 − k) = 0, आणि k = 9. डेस्मॉसमध्ये दोन्ही समीकरणं जशीच्या तशी टाइप करा, k साठी सरकपट्टी मागा आणि ती हलवत राहा. रेषा हळूहळू वर चढते आणि 9 वर नेमकी (−2, 5) या बिंदूत वक्राला टेकते. डोळ्यांना दिसतं.

माझ्यातली शिक्षिका इथे थोडी बिथरली होती, खरं सांगायचं तर. पण मी भाचीला दोन्ही रीती करायला लावल्या आणि त्याचा फायदा झाला. विवेचक शून्य म्हणजे काय हे तिने आधी नुसतं पाठ केलं होतं, ते सरकपट्टीमुळे कळलं. आणि उत्तर अपूर्णांकात असलं की पट्टी नेमकी कुठे थांबवायची ते कळत नाही, तिथे कागदच कामाला येतो. शाब्दिक उदाहरणात समीकरण मांडायचं काम तर डेस्मॉस करतच नाही. जिला समीकरण मांडता येतं तिचा वेळ तो वाचवतो, एवढंच.

काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं असतं. त्याचे नियम सरावातच अंगवळणी पाडा. साडेतीन लिहायचं तर 7/2 किंवा 3.5, पूर्णांकयुक्त अपूर्णांक चालत नाही. उत्तर दोन-तृतीयांश असेल तर सरळ 2/3 टाका. दशांशात लिहायचंच असेल तर जागा भरेल एवढे अंक द्यावे लागतात: 0.666 किंवा 0.667 चालतं, 0.66 चुकीचं धरतात. येत असलेलं गणित असं वाया गेलं की फार जिवाला लागतं.

खान अ‍ॅकॅडमीचं काम वेगळं आहे. ब्लूबुक जोखतं, शिकवत नाही. शिकवणं इथे होतं. कॉलेज बोर्डाशी त्यांची भागीदारी 2015 पासूनची, आणि कोर्स फुकट. गणिताच्या प्रत्येक भागाचे पायाभूत, मध्यम आणि प्रगत असे तीन थर आहेत. ज्या मुलांचा पाया कच्चा आहे त्यांच्यासाठी ही रचना मला मनापासून आवडली. भाची टक्केवारीत अडायची: किंमत आधी 20 टक्के वाढली, मग 20 टक्के कमी झाली, की मूळ किंमत परत येते असं तिला वाटायचं. पायाभूत थरात जाऊन 1.2 गुणिले 0.8 म्हणजे 0.96 हे तिने हाताने काढलं, आणि तिथून 'आधीच्या किती पट' असा विचार करायची तिला सवय लागली. घातांकी वाढीचे प्रश्न त्याच सवयीवर सुटले. ज्याचं गणित आधीच पक्कं आहे त्याने मात्र पायाभूत थरात दिवस घालवू नयेत, थेट प्रगत उघडावं आणि अडलं तरच खाली उतरावं.

वाचन-लेखनाबद्दल माझा अधिकार कमी, पण निरीक्षण आहे. लांबलचक उतारे आता गेले. 25 ते 150 शब्दांचा छोटा उतारा आणि त्यावर एकच प्रश्न. प्रश्न प्रकारांनुसार गटाने येतात: आधी शब्दार्थ आणि रचना, मग आशय आणि पुरावे, मग व्याकरण आणि विरामचिन्हं, शेवटी वाक्यं जोडणं आणि टिपणांवरून वाक्य निवडणं. हा क्रम ठाऊक असला की वेळेची आखणी करता येते. भाचीला व्याकरण पक्कं यायचं, म्हणून ती तो गट आधी उरकायची आणि मग पुराव्याच्या किचकट प्रश्नांकडे शांतपणे वळायची. मॉड्यूलच्या आत मागे-पुढे जाता येतं, त्यामुळे हे जमतं. एकदा मॉड्यूल संपलं की मात्र परत फिरता येत नाही.

व्याकरण खान अ‍ॅकॅडमीवर उत्तम होतं. स्वल्पविराम, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांचे नियम थोडेच आहेत आणि तेच फिरून फिरून येतात. वाक्यं जोडणाऱ्या शब्दांच्या प्रश्नांत मी तिला एक शिस्त लावली: चारही पर्याय हाताने झाकायचे, दोन्ही वाक्यं वाचायची आणि त्यांचं नातं आधी तोंडाने सांगायचं. विरोध आहे, कारण-परिणाम आहे, भर आहे की उदाहरण? मग हात काढायचा. पर्याय आधी वाचले की चारही बरे वाटायला लागतात.

पण उताऱ्यातला दावा नेमका काय आहे आणि कोणता पुरावा त्याला बळ देतो, हे ओळखायला वर्षानुवर्षांचं वाचन लागतं. कोर्स प्रश्नाचा प्रकार ओळखायला शिकवतो. विज्ञानावरचा गुंतागुंतीचा परिच्छेद एका दमात समजून घेण्याची ताकद तो कुठून देणार? त्यासाठी परीक्षेच्या निदान वर्षभर आधीपासून रोज इंग्रजीतले विज्ञान-इतिहासावरचे चांगले लेख वाचावेत आणि वाचून झाल्यावर लेखकाचं म्हणणं एका वाक्यात लिहावं. नववी-दहावीतल्या मुलांच्या आई-वडिलांना मी सध्या एवढंच सांगते. सॅटचं नावही काढू नका, वाचायला द्या.

क्लासबद्दल विचारणारे खूप भेटतात, म्हणून एक अनुभव सांगते, नाव सांगणार नाही. भाचीने सुरुवातीला एका क्लासचं पॅकेज घेतलं होतं. गुण वाढण्याची हमी, 'खास' सराव परीक्षा, वगैरे. त्या सराव परीक्षांची दोन्ही मॉड्यूल सगळ्यांना सारखीच, काही उतारे जुन्या पद्धतीचे पानभर लांब, आणि प्रत्येकाला मिळालेले गुण सुरुवातीला मुद्दाम पाडल्यासारखे कमी. पहिला आकडा घाबरवणारा आला की पुढची वाढ दाखवणं सोपं जातं. मुलीच्या आत्मविश्वासाचं त्या काळात जे झालं त्याचा मला अजून राग येतो. क्लास घ्यायचाच असेल तर दोन प्रश्न विचारा: तुमची सराव परीक्षा पहिल्या मॉड्यूलप्रमाणे बदलते का, आणि माझ्या मुलाच्या चुकलेल्या प्रश्नांवर त्याच्याशी समोरासमोर कोण बोलणार? दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या. ज्या मुलाला एकट्याने बसवतच नाही, त्याच्यासाठी चांगला शिक्षक हवाच, हे मी मान्य करते. पण तो साहित्य म्हणून याच प्रश्नांवर काम करणारा असावा.

एवढा खटाटोप करायचा का, हे तुमच्या विद्यापीठांच्या यादीवर आहे. एमआयटीने मार्च 2022 मध्ये सॅट किंवा एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा) देण्याची अट परत आणली. 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकनेही आणली. येलनेही आणली, पण तिथे सॅट किंवा एसीटीऐवजी एपी किंवा आयबी या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही चालतात. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिससारख्या सगळ्या शाखा प्रवेशासाठी हे गुण बघतच नाहीत. यादी आधी, सॅट नंतर. धोरणं बदलतात, तेव्हा अर्जाच्या वर्षी त्या त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचा. काही ठिकाणी वेगवेगळ्या तारखांच्या परीक्षांतले प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, एमआयटी त्यातलंच. तसं असेल तर दुसऱ्या खेपेला कमकुवत विभागावरच जोर देता येतो.

राहिली उपकरणाची बाब. ब्लूबुक मोबाइलवर चालत नाही. लॅपटॉप किंवा आयपॅड लागतो, आणि ज्यावर परीक्षा द्यायची त्याच्यावरच सराव करावा. छोट्या आयपॅडवर आलेख आणि प्रश्न शेजारी शेजारी मावत नाहीत, बोटाने समीकरणं टाइप करणंही हळू होतं, म्हणून मी लॅपटॉपच्या बाजूने आहे. परीक्षेआधीच्या काही दिवसांत अ‍ॅपमध्येच परीक्षेचा सेटअप पूर्ण करून प्रवेशपत्र काढून ठेवायचं असतं. परीक्षा सुरू असताना इंटरनेट गेलं तर घाबरायचं कारण नाही, अ‍ॅप चालू राहतं. इंटरनेट लागतं ते सुरुवातीला आणि शेवटी उत्तरं पाठवताना. बॅटरी मात्र पूर्ण भरलेली हवी, आणि चार्जरही सोबत असू द्या.