जाळी बारीक करावी की काळाचा टप्पा वाढवावा?

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका तरुण अभियंत्यापुढे पेच आहे: 850 अंश सेल्सिअसचा पोलादी भाग तेलात थंड होत असताना सिम्युलेशनमध्ये (म्हणजे भागाची लहान घटकांच्या जाळीत विभागणी करून काळाच्या टप्प्याटप्प्याने तापमान काढणाऱ्या संगणकीय गणनेत) पहिल्याच क्षणी आतला बिंदू 860 अंश दाखवतो. उष्णतेचा दुसरा स्रोत नसताना हे अशक्य आहे. (एकके आधी तपासलेली आहेत, असे मी धरून चालतो.)

घटकाच्या आकाराच्या मानाने काळाचा टप्पा फार लहान असला की असे आकडे येतात. हा टप्पा साधारणपणे घटकाच्या लांबीच्या वर्गाला औष्णिक विसरणतेच्या (पदार्थात उष्णता किती वेगाने पसरते याच्या मापाच्या) सहापटीने भागून येणाऱ्या मूल्यापेक्षा लहान नसावा. पोलादाची विसरणता सेकंदाला सुमारे 12 चौरस मिलिमीटर धरल्यास 4 मिलिमीटरच्या घटकासाठी ही मर्यादा 0.22 सेकंद येते, तर 1 मिलिमीटरसाठी जेमतेम 0.014.

टप्पा वाढवण्यात श्रम नाहीत, कारण एकच आकडा बदलायचा असतो आणि गणनाही लवकर संपते; मात्र पृष्ठभागावरील तापमानाचा सुरुवातीचा तीव्र उतार, ज्यावर भेगांचा अंदाज अवलंबून असतो, तो पुसट होतो. जाळी बारीक केल्यास तो उतार टिकतो, पण वेळ आणि मेमरी दोन्ही वाढतात. म्हणून पृष्ठभागालगतचेच थर बारीक करावेत, सगळा भाग नव्हे.

भाग किती मिनिटांत थंड होईल एवढेच हवे असेल, तर टप्पा वाढवावा. कठीणपणा किंवा औष्णिक ताण काढायचा असेल, तर जाळीच बारीक करावी.