नायलॉक नट की निळं लॉकटाइट?

स्वतः बांधलेली मोटरसायकल पहिल्या दोन-चारशे किलोमीटरमध्ये कुठला ना कुठला नट ढिला करतेच. ब्रॅकेटवरचा रंग ताजा असतो. बोल्टच्या डोक्याखाली तो दबला की आवळलेला ताण गेला, उरलेलं काम इंजिनाची थरथर करते.

स्प्रिंग वायसरवर वेळ घालवत नाही. जोड आडवा सरकत राहिला की आवळलेला नट आपणहून उलटा फिरायला लागतो, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्येच दाखवून दिलं. सपाट दबलेला स्प्रिंग वायसर तिथे फारसं काही करत नाही.

नायलॉकचं, म्हणजे आत नायलॉनची कडी बसवलेल्या नटाचं, कौतुक मला आजही आहे. आवळला की लगेच गाडी बाहेर. ताण गेला तरी नट रस्त्यावर पडत नाही. साधारण १२० अंशांपुढे नायलॉनची कडी टिकत नाही, म्हणून सायलेन्सरजवळ नको, एवढंच. दोन गाड्या मी अशाच बांधल्या.

तिसरीला चकाकीचा मोह झाला. फुटरेस्टला बोल्टही स्टेनलेसचा आणि नायलॉकही स्टेनलेसचा. रॅचेटने भराभर फिरवत होतो. मध्येच किरकिर ऐकू आली, पाना जड झाला. मला वाटलं, नायलॉन धरतंय. आणखी दोन आटे गेले आणि नट थांबला. पुढे जाईना, मागे येईना. बोट लावलं तर चांगलाच तापलेला. स्टेनलेसचे आटे एकमेकांवर घासून असे जाम होतात, आणि नायलॉनचं घर्षण त्यात भर घालतं. शेवटी ग्राइंडर काढला. नट निघाला, पण ठिणग्यांनी फ्रेमच्या नव्या रंगावर काळे ठिपके पाडले. ते अजून आहेत.

तेव्हापासून निळं लॉकटाइट, म्हणजे आट्यांवर लावायचा, आत घट्ट होऊन नट-बोल्ट धरून ठेवणारा डिंक. त्याच्याही कटकटी आहेत. आटे पुसून घ्या (त्यातलं २४३ नंबरचं थोडंफार तेल खपवून घेतं, पण भरवसा कशाला?), प्लॅस्टिकपासून लांब ठेवा, काहींना त्याने तडे जातात. स्टेनलेसवर ते सावकाश धरतं, म्हणून मी पूर्ण दिवस गाडी हलवत नाही. बोल्ट उघडला की पांढरा भुगा, तो ब्रशने काढायचा. पण ओलं असताना ते आट्यांना वंगणासारखंही पडतं, आणि ती किरकिर मला पुन्हा ऐकू आलेली नाही. शिवाय निम्मे बोल्ट थेट आटे पाडलेल्या भोकात जातात. तिथे नायलॉक लावणार कुठे?

लाल लॉकटाइट मात्र घेऊ नका, उघडताना बोल्ट गॅसच्या ज्योतीने तापवावा लागतो.

तुमचे बोल्ट साध्या पोलादाचे असतील आणि रोज काहीतरी उघडत असाल, तर नायलॉक तुम्हाला जास्त सोयीचा वाटेलही. साइड स्टँडच्या बोल्टला मीही तोच वापरतो. स्टँड फिरता राहावा म्हणून तो बोल्ट करकचून आवळायचाच नसतो. तिथे जस्त चढवलेला साधा नायलॉक, दर वेळी नवा.