‘फायनल डेस्टिनेशन’चा सहावा भाग, एमआरआयवालीच्या नजरेतून

आधीच सांगते, मी बरंच काही फोडणार आहे. ‘ब्लडलाइन्स’, म्हणजे हा सहावा भाग, बघायचा राहिला असेल तर इथूनच मागे फिरा.

मी सांगलीत एमआरआय टेक्निशियन आहे. भयपटांची आवड बेताची. पण मे 2025 मध्ये हा लागला तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, यात तुझं मशीन आहे गं.” मग काय, काढली तिकिटं. पोरगा मालिकेचा भक्त. पाचवा भाग 2011 चा, म्हणजे चौदा वर्षं बिचारा वाट बघत होता.

सूत्र जुनंच आहे. अपघात कुणाला तरी आधी दिसतो, काही जण वाचतात आणि मग मरण एकेकाला क्रमाने गाठतं. या वेळी 1968 साली, उंच मनोऱ्यावरच्या नव्या रेस्टॉरंटमध्ये, आयरिस नावाची पोरगी झाडून सगळ्यांनाच वाचवते. मग त्यांची लग्नं होतात, मुलं होतात, नातवंडं होतात. जन्मायलाच नको होती अशी ही माणसं, म्हणून मरण घराण्यामागे वसुलीला लागतं. आजोबाचं कर्ज नातवाच्या सातबाऱ्यावर चढतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तो मनोऱ्याचा प्रसंग मात्र अफाट आहे. काचेच्या फरशीवर जोडपी नाचतायत, झुंबराचा एक लोलक खाली पडतो, कुणाच्या तरी बुटाखाली येतो आणि केसाएवढा तडा जातो. कॅमेरा त्या तड्यावरच. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. शेवटी एका आगाऊ पोरावर पियानो पडतो तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. लहान मुलगा मेल्यावर टाळ्या! मीही हसले, खोटं कशाला बोलू.

भाच्याचं म्हणणं, 2003 च्या दुसऱ्या भागातल्या लाकडाच्या ओंडक्यांच्या ट्रकला तोड नाही. इंटरव्हलभर आमचा हाच वाद. मला ट्रकपेक्षा घरामागच्या अंगणातली पार्टी भारी वाटली. बर्फात काचेचा तुकडा पडतो, तो ग्लासात जातो, ग्लास हातोहात फिरतो. ट्रॅम्पोलिनखाली दाताळं पडलेलं. आपण काचेकडे बघून जीव मुठीत धरतो आणि मरण भलतीकडूनच येतं.

आता माझ्या खात्यात येते. दोघं भाऊ एमआरआयच्या खोलीत घुसतात, मशीन सुरू होतं, त्यातल्या चुंबकाची ओढ वाढत वाढत जाते, एकाच्या अंगावरच्या रिंगा खेचल्या जातात. सगळे डोळे झाकत होते आणि मी मान हलवत होते. अहो, ते चुंबक असं सुरू करावं लागत नाही, चोवीस तास चालूच असतं. द्रवरूप हेलियममध्ये बुडवून थंड ठेवलेली कॉइल असते ती. दिवे घालवा, कॉम्प्युटर बंद करा, ओढ तसूभर कमी होत नाही. आमचं मशीन दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप), पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट. पण ही ओढ मशीनच्या तोंडाशी जबरदस्त असते आणि चार पावलं मागे आलं की झपाट्याने उतरते. व्हेंडिंग मशीनमधली स्प्रिंग उडत येऊन कवटीत घुसते, ते निव्वळ पटकथेचं चुंबक.

पण व्हीलचेअर खेचली जाते, तिथे मी हसले नाही. 2018 साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला तरुण मशीनकडे खेचला गेला आणि जीव गेला. रुग्णाचा नातेवाईक होता तो. ती बातमी माझ्या धंद्यातलं कुणी विसरलेलं नाही.

पात्रं पातळ आहेत. घर सोडून गेलेली आई परत येते, मुलीशी गळाभेट होते आणि आपण मात्र छतावरचा पंखा हलतोय का ते बघत असतो. रक्तही काही ठिकाणी कॉम्प्युटरचं आहे हे सरळ कळतं. मन हललं ते एकदाच, टोनी टॉड हा नट आल्यावर. पहिल्या भागापासूनचा तो गंभीर आवाजाचा माणूस, इथे अंगाने पार सुकलेला. आयुष्य मोलाचं आहे, क्षण न् क्षण भोगून घ्या, असं सांगून टोपी उचलतो आणि चालता होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये तो गेला. सिनेमा त्यानंतर आला. त्या दोन मिनिटांत मागच्या रांगेतली कॉलेजची पोरंसुद्धा गप्प झाली.

आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, “फालतूपणा!” बघितलेला नाही त्यांनी. माझे पाचात साडेतीन, त्यातला एक मनोऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच आजींना मी दोनदा विचारलं, “धातूचं काही नाही ना अंगावर?” नाही म्हणाल्या, दोन्ही वेळा. हातातलं डिटेक्टर फिरवलं तर चिवचिवलं. पोलक्याला आतून सेफ्टी पिन लावलेली, तिच्यात आणखी दोन अडकवलेल्या. “त्या होय? त्या कायमच्याच असतात बाई.”